आरएक्स 100 ची किक खरखरते: उजव्या कव्हरमागच्या कामाच्या नोंदी (सांगली)

गाडी: एस्कॉर्ट्सच्या काळातली यामाहा आरएक्स 100, 98 सीसी, एमएच 10 पासिंग, सांगलीच्या गावभागातली. तक्रार अशी की किक मारली की सुरुवातीलाच खर्रर्र होतं आणि पाय रिकामा खाली जातो. तीन-चार किकांत एखादी लागते. चालू झाल्यावरही अधूनमधून उजवीकडून बारीक किणकिण येत राहते.

घरी किंवा छोट्या गॅरेजात हेच काम करायला घेणाऱ्यांसाठी या नोंदी ठेवल्या आहेत. इंजिन फ्रेममधून उतरवावं लागत नाही, क्रँक केस फोडावी लागत नाही. सगळं काम उजव्या कव्हरमागं आहे.

2 डिसेंबर: उघडण्याआधी

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, प्लग काढलेला. प्लग काढला की कॉम्प्रेशन जातं आणि दात्यांचं काय चाललंय ते हाताला कळतं. किक हातानं सावकाश दाबली तेव्हा आधी टकटक, मग पकड आली आणि क्रँक फिरला. तीच किक झटक्यात दाबली की दाते दात्यांवरून घसरले. दाते पार झिजलेले असते तर सावकाश दाबूनही पकड आली नसती. म्हणजे किकचा गिअर वेळेवर आत सरकत नाहीये, हे इथंच कळलं.

मग प्लग लावून गाडी चालू केली. किणकिण सुरू असताना क्लच दाबला, आवाजात काही फरक नाही. या गाडीला प्रायमरी किक आहे, म्हणजे किकचा जोर गिअरबॉक्समधून न जाता थेट क्लच हौसिंगला लागतो. किकचा आयडल गिअर क्लच हौसिंगच्या मागच्या दात्यांना लागलेला असतो, त्यामुळं इंजिन फिरतंय तोवर तोही फिरतो, क्लच दाबा नाहीतर सोडा. न्यूट्रलमधला आवाज गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा असता तर क्लच दाबल्यावर बदलला असता किंवा थांबला असता. एवढी तपासणी न करता गिअरबॉक्स उघडायला निघू नका.

या तक्रारीवर गॅरेजात सर्रास मिळणारं उत्तर म्हणजे 'किक गिअर गेलाय, बदलून टाका'. गिअर बदलतात, दोन-चार महिने बरं चालतं आणि परत खरखर सुरू. या रचनेत गिअर बहुतेक वेळा मार खाणारा असतो, मारणारा दुसराच असतो. काम हाती घेताना आमचा रोख तोच दुसरा शोधण्यावर होता.

इंजिन गरम असतानाच गिअर ऑइल सोडलं. दुधाळ निघालं, म्हणजे पाणी मिसळलेलं, शेवटी शेवटी राखाडी गाळही आला. ड्रेन बोल्टवर आणि ट्रेमध्ये मॅग्नेट फिरवला तर नखाच्या कातरणीएवढे पोलादाचे तुकडे चिकटले. नुसता राखाडी लेप आला तर ती रोजची झीज समजावी. कडा असलेले तुकडे आले म्हणजे दात्यांच्या कडा तुटताहेत.

मालकांना विचारल्यावर उलगडा झाला. ऑगस्ट 2019 च्या महापुरात, आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा, ही गाडी घराच्या बोळात पूर्ण बुडाली होती. पाणी ओसरल्यावर ऑइल दोनदा बदललं, कार्बोरेटर धुतला, मॅग्नेटो सुकवला आणि गाडी चालू झाली. उजवं कव्हर तेव्हा कुणी उघडलंच नाही. कृष्णाकाठच्या ज्यांच्या गाड्या 2019 किंवा 2021 मध्ये बुडाल्या होत्या त्यांनी, आवाज येत नसला तरी, हे कव्हर एकदा उघडून बघावं.

3 डिसेंबर: कव्हर

आजचा बराचसा दिवस स्क्रूंनी खाल्ला. कव्हरला एम6 चे स्टार स्क्रू आहेत. पोलादी स्क्रू, अ‍ॅल्युमिनियमची केस आणि वर पुराचं पाणी, त्यामुळं आटे धरून बसलेले. साध्या स्क्रू ड्रायव्हरनं जोर लावायचाच नाही, डोकं गोल होतं आणि पुढचं सगळं अवघड होतं. आदल्या रात्री प्रत्येक स्क्रूवर डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडून ठेवलं होतं. सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हर लावला, बिट खाचेत घट्ट बसणारं घेतलं आणि हातोडीचे छोटे, सरळ ठोके मारले. बाकी सगळे सुटले. खालचे दोन, जिथं गाळ साचून राहतो, ते अडले. त्यातला एक गॅसच्या टॉर्चनं आजूबाजूची केस तापवल्यावर सुटला. दुसऱ्याचं डोकं ड्रिलनं उडवावं लागलं. कव्हर निघाल्यावर उरलेला दांडा वर डोकावतो, पण पकडीनं फिरेना. तो कुपवाड एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून काढून घेतला, 150 रुपये.

परत बसवताना स्टार स्क्रूऐवजी अ‍ॅलन बोल्ट घेतले आहेत. स्क्रूंच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, भोकं पाडून, प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर कव्हर आवळलं जात नाही आणि जास्त जोर केला तर केसचे आटे जातात.

कव्हरवरच ऑटोल्यूबचा, म्हणजे इंजिनात टू-स्ट्रोकचं ऑइल आपोआप सोडणारा, ऑइल पंप आहे. ज्यांच्या गाडीचा पंप काढून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतात त्यांना ही कटकट नाही. या गाडीवर पंप आहे आणि चालू आहे, तो तसाच ठेवायचा ठरला. पंपाची केबल सोडवली, ऑइलच्या टाकीकडून येणारी नळी काढून तिच्या तोंडात योग्य मापाचा बोल्ट घातला, नाहीतर टाकी जमिनीवर रिकामी होते. किक लिव्हर काढण्यापूर्वी शाफ्टवर आणि लिव्हरवर पंचनं समोरासमोर खूण केली.

कव्हर सुटताना दोन पोकळ डॉवेल पिना (कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या) कधी कव्हरात राहतात, कधी केसमध्ये. लगेच शोधून डबीत टाकायच्या.

5 डिसेंबर: दोष सापडला

आधी रचना थोडक्यात, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. किक शाफ्टवर तिरक्या खाचा आहेत आणि किक गिअर त्यांवर सरकतो. गिअरच्या मानेवर तारेची एक क्लिप घट्ट बसते, तिची शेपटी क्रँक केसमधल्या खाचेत अडकते. किक दाबली की शाफ्ट फिरतो. क्लिप गिअरला लगेच फिरू देत नाही, म्हणून गिअर तिरक्या खाचांवरून आत सरकतो आणि आयडल गिअरला भिडतो. पूर्ण भिडला की मगच क्लिपच्या घर्षणाला न जुमानता फिरायला लागतो आणि इंजिनला फिरवतो. इंजिन पकडलं की आयडल गिअर शाफ्टपेक्षा जोरात फिरतो आणि किक गिअरला त्याच खाचांवरून परत बाहेर ढकलतो.

म्हणजे सगळा खेळ क्लिपचा आहे. ती सैल पडली किंवा तिची शेपटी खाचेतून सुटली तर गिअर सरकायच्या ऐवजी शाफ्टबरोबर फिरतो, अर्धवट भिडतो, आणि दात्यांच्या टोकांवर टोकं घासतात. खर्रर्र आवाज येतो तो इथून.

क्लच आधी काढला. स्प्रिंगांचे स्क्रू एकाच वेळी पूर्ण न सोडता आळीपाळीनं थोडे थोडे ढिले केले. प्रेशर प्लेट निघाल्यावर पुश रॉड आणि त्यामागचा छर्रा मॅग्नेटनं काढला. तो छर्रा ऑइलमध्ये पडला तर दिसत नाही. मधल्या नटाच्या लॉक वायसरचा वाकवलेला कान सपाट केला, दोन्ही प्रायमरी गिअरांच्या (क्रँकवरचा आणि क्लच हौसिंगवरचा) दात्यांत तांब्याची घडी घातलेली पट्टी अडकवली आणि नट सोडला. पोलादी वस्तू दात्यांत घालायची नाही.

किक शाफ्टची टॉर्शन स्प्रिंग (लिव्हर परत वर आणणारी) पकडीनं खुंटीवरून सोडवली आणि पूर्ण जोडणी बाहेर ओढली. स्प्रिंग ताणलेली असते, सोडताना चेहरा बाजूला ठेवा. काढलेले भाग ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं तारेत ओवून ठेवले.

किक गिअरच्या दात्यांच्या आतल्या कडा, म्हणजे आयडल गिअरला ज्या आधी भिडतात त्या, तुटून गोल झालेल्या होत्या. एक दाता जवळजवळ अर्ध्या रुंदीपर्यंत उडालेला. क्लिप बोटानं सहज फिरत होती. पण खरी गोष्ट केसमधल्या खाचेत होती. बॅटरी लावून बघितलं तर खाच दिसेचना, तिथं सपाट राखाडी पृष्ठभाग. नखानं खरवडलं तर काही निघेना. पुराचा गाळ ऑइलमध्ये मुरून सिमेंटसारखा बसला होता. खाच तळाशी असल्यामुळं दोनदा ऑइल बदलूनही तो तिथंच राहिला. क्लिपच्या शेपटीचं टोक दोनेक मिलिमीटरच टेकत होतं. सावकाश दाबल्यावर तेवढ्या आधारावर ती टिकायची, झटका दिला की निसटायची. पहिल्या दिवशी हाताला जाणवलेला फरक यातूनच आला होता.

गाळ काढायला स्क्रू ड्रायव्हर घालू नका, अ‍ॅल्युमिनियमची कड तुटली तर केस बदलण्यावाचून मार्ग नाही. डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी खाचेत दाबून रात्रभर ठेवली. सकाळी बांबूची कामटी चाकूसारखी तासून तिनं थर थर करून काढला, शेवटी पितळी ब्रश. खाचेची एक कड शेपटीच्या माराने थोडी पसरली होती. बाकीचं इंजिन चिंध्यांनी झाकून, बारीक चौकोनी कानशीनं फक्त उचललेला भाग सपाट केला, खाच रुंद होऊ दिली नाही. आता शेपटी पूर्ण खोलीपर्यंत जाते आणि बोटानं हलवली तर खुळखुळत नाही.

6 डिसेंबर: मापं

क्लिपचं घर्षण मोजणं सोपं आहे आणि तरीही कुणी मोजत नाही. गिअर कापड लावून बाकावरच्या व्हाइसमध्ये पकडायचा, क्लिप त्याच्या मानेवर जशी असते तशी चढवायची, शेपटीला हुकाचा वजनकाटा अडकवायचा आणि वर्तुळाच्या दिशेनं सरळ ओढायचं. क्लिप सरकायला लागते तेव्हा काटा जे दाखवतो ते माप. यामाहाच्या या पद्धतीच्या किकसाठी साधारण 0.8 ते 1.2 किलो हवं. काढलेल्या क्लिपनं 300 ग्रॅमलाच सोडलं. बॅग तोलायचा डिजिटल काटा यासाठी पुरतो. मोजण्याआधी मान आणि क्लिपला गिअर ऑइलचा हात लावावा, कोरड्या मापाला अर्थ नाही.

सैल क्लिप पकडीनं दाबून घट्ट करायचा मोह होतो. दाबल्यावर माप येतंही, पण क्लिप गोल राहत नाही, दोनच ठिकाणी घासते आणि थोड्या दिवसांत परत सैल होते. क्लिप बदलायचीच.

शाफ्टच्या तिरक्या खाचांत गंजाचे ठिपके होते. क्लिप न लावता गिअर शाफ्टवर घालून शाफ्ट उभा धरला. चांगल्या जोडीत गिअर स्वतःच्या वजनानं गोल फिरत खाली उतरतो. इथं मध्येच अडकला. 800 नंबरचा पॉलिश पेपर घडी करून, ऑइल लावून, खाचांच्या दिशेनंच चालवला. आडवा घासला तर कडा जातात. गंजाचा डाग राहिला, पण खाचांच्या कडा धारदार आहेत आणि गिअर न अडता उतरतो. शाफ्ट बदलायची गरज नाही, तेवढे पैसे वाचले.

उघडलंच आहे तर क्रँकचं उजवं ऑइल सील बघून घेतलं. तिथून गळती असेल तर गिअर ऑइल इंजिनात जातं, धूर वाढतो आणि ऑइलची पातळी कारण नसताना उतरते. इथं कोरडं होतं. मागचं चाक फिरवून गिअरबॉक्सच्या बेअरिंगांना कान लावला, आउटपुट बाजूला किंचित खरबरीत वाटलं. ते काम क्रँक केस फोडल्याशिवाय होत नाही, आत्ता हात लावलेला नाही.

9 डिसेंबर: सुटे भाग

सांगलीत किक गिअर, क्लिप, शाफ्टचं ऑइल सील आणि पॅकिंग मिळालं. आयडल गिअर कुणाकडे नव्हता. जुन्या आयडल गिअरच्याही आतल्या कडा उडालेल्या आहेत, पण किक गिअरएवढ्या नाहीत. ऑइल स्टोननं, म्हणजे धारेच्या दगडानं, कडा सारख्या करून बघावं का, यावर चर्चा झाली. वेल्डिंगनं भराई करून घ्यावी असंही कुणी सुचवलं. लेथवाल्यानं गिअर हातात घेऊनच नाही म्हटलं: "भरून देतो म्हणलं तर देईन, पण दादा, कडक केलेला गिअर हाय, भरलेला दात उडणारच." बरोबर आहे. दात्याचं वरचं कवच कडक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचा भाग मऊ पडतो आणि जोडाशी चीर जाते. उडालेला तुकडा बंद कव्हरात क्लच आणि प्रायमरीच्या दात्यांत फिरतो. दोन-तीनशे रुपये वाचवायला निघून क्लच हौसिंग घालवायचं, यात शहाणपण नाही.

पुण्याला नाना पेठेत चौकशी करून आयडल गिअर मागवला. तो येईपर्यंत जुन्यावर ऑइल स्टोन चालवून तात्पुरती जोडणी करून बघायचं ठरलं.

11 डिसेंबर: जोडणी, आणि ती का फसली

नवा किक गिअर, नवी क्लिप, साफ केलेली खाच, जुना आयडल गिअर. पॅकिंग न लावता कव्हर दोन-तीन बोल्टांवर धरून, प्लग काढून किक हातानं दाबून बघितली. कव्हर न लावता बघण्यात अर्थ नाही, कारण शाफ्टचं बाहेरचं टोक कव्हरातच टेकतं. कव्हर नसेल तर शाफ्ट डुलतो आणि चांगला गिअरही खरखरतो.

खरखर गेली. पण किक सोडल्यावर लिव्हर सुस्तपणे वर आला आणि गिअर पूर्ण बाहेर आला नाही. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं फिरवलं तर दाते दात्यांना चाटत असल्याचा आवाज. अशी गाडी चालू केली असती तर नवा गिअरही मार खात बसला असता.

जोडणी परत बाहेर काढली, क्लिप काट्यावर लावली. दोन किलोच्या पुढं. क्लिप लोकल मेकची होती, तार जाड आणि घेर लहान. ढिली करायला ती ताणली तर तीच अडचण, गोलाई जाते. दुकानात काटा घेऊनच गेलो. काउंटरवर असलेल्या सगळ्या क्लिपा एकेक मोजल्या, त्यांतली एक साधारण 1 किलोवर सरकली. तीच घेतली. या भागाची किंमत 70 रुपये आणि सगळ्या कामाचं यश त्याच्यावर आहे, तेव्हा दुकानदाराला वेळ लागला तरी मोजूनच घ्या.

नव्या क्लिपनं लिव्हर झटकन वर आला, गिअर पूर्ण मागं आला. पण भिडताना पहिल्या क्षणाला एक बारीक टक् अजून होता. जुन्या आयडल गिअरची गोल झालेली कड नव्या गिअरच्या कडेवर चढत होती. थांबलो, आणखी किका मारून नवा गिअर खराब करण्यात काही हशील नव्हतं.

16 डिसेंबर: आयडल गिअर

ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं गिअर आला. जुन्याशेजारी ठेवून दाते मोजले, जाडी आणि आतलं भोक व्हर्नियरनं ताडलं. हे न करता बसवायला घेऊ नका, दुसऱ्या मॉडेलचे गिअर दिसायला अगदी सारखे असतात. शाफ्टवर ऑइल लावून घातला. बोटानं मोकळा फिरतो, वर-खाली डुलत नाही.

वायसर दोन्ही बाजूंना परत तसेच घातले. एक जरी राहिला तर गिअर शाफ्टवर मागंपुढं सरकतो आणि चालू इंजिनात तीच किणकिण परत येते. सर्क्लिप, म्हणजे गिअर शाफ्टवर अडवून धरणारी कडी, नवी घेतली. तिची एक बाजू धारदार आणि दुसरी किंचित गोल असते. धारदार बाजू बाहेर, म्हणजे ज्या दिशेनं गिअर ढकलतो त्याच्या विरुद्ध बाजूला. बसल्यावर खाचेत फिरवून पूर्ण बसल्याची खात्री केली.

किक शाफ्ट बसवताना आधी क्लिपची शेपटी खाचेत, मग शाफ्ट आत, मग स्प्रिंग खुंटीवर. उलट क्रमानं केलं तर स्प्रिंगच्या ताणानं शाफ्ट फिरतो आणि शेपटी खाचेबाहेर राहते. वरून बघितलं तर सगळं ठीकच दिसतं. शेपटी बसली की नाही ते आरसा धरून बघावं. तेवढा एक मिनिट घालवा.

क्लचच्या प्लेटा बसवण्याआधी गिअर ऑइलमध्ये भिजवून ठेवल्या होत्या. मधल्या नटाला नवा लॉक वायसर, कान वाकवून. छर्रा आणि पुश रॉड जागेवर. स्प्रिंगांचे स्क्रू आळीपाळीनं आवळले.

17 डिसेंबर: धुणं, पॅकिंग, पंप

गाळ गिअरबॉक्समध्ये मागंही गेलेला असणार, म्हणून कव्हर लावण्याआधी डिझेलमध्ये थोडं ऑइल मिसळून आत ओतलं, गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवलं आणि ड्रेन केलं. स्वच्छ येईपर्यंत. त्यानंतर हवा मारली.

कव्हरच्या पृष्ठभागावरचं जुनं पॅकिंग ब्लेडनं न खरवडता प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढलं. शाफ्टचं सील नवं, त्याच्या ओठाला ग्रीस. शाफ्टच्या दातेरी टोकावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून कव्हर सरकवलं, नाहीतर ते दाते सीलचा ओठ कापतात आणि पहिल्याच दिवशी गळती लागते. पॅकिंगला सिलिकॉन लावलेलं नाही, ग्रीसचा पातळ हात पुरे. आत सुटलेला सिलिकॉनचा दोरा ऑइलच्या वाटेत अडकतो.

कव्हर शेवटच्या काही मिलिमीटरवर अडलं. पंपाचे दाते जुळत नव्हते. हातोडी उचलायची नाही. गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक किंचित फिरवलं तर कव्हर आपोआप बसलं. बोल्ट समोरासमोरचे, दोन टप्प्यांत आवळले.

गिअर ऑइल 20 डब्ल्यू 40, साधारण 650 मिली. आवाज दाबायला 90 नंबरचं जाड ऑइल घालायची पद्धत आपल्याकडे आहे, ती इथं चालत नाही. क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, थंडीत सुटत नाही. किक गिअरलाही जाड ऑइलमध्ये सरकायला वेळ लागतो. म्हणजे आवाज दबला तरी दात्यांचा मार वाढतो.

पंपाची नळी जोडली, पंपावरचा एअर काढायचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू दिलं. पुढच्या नळीत तरीही हवा राहते. म्हणून टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून त्यात लिटरला 20 मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मिसळलं. पहिल्या टाकीला धूर जास्त येईल, येऊ द्यावा. त्या भीतीनं मिश्रण टाळलं तर पिस्टन धरायचा धोका आहे.

18 डिसेंबर: चालू

किक लिव्हर पंचच्या खुणेवर बसवला. एक दाता पुढं-मागं बसला तर लिव्हर फूटरेस्टला आधी टेकतो, शाफ्टचा फेरा पूर्ण होत नाही आणि सगळं काम करूनही किक अर्धवट लागते.

सकाळच्या थंडीत चोक ओढून किक. भिडताना आवाज नाही, पाय रिकामा गेला नाही. चालू झाल्यावर उजवीकडून किणकिण नाही. इंजिन गरम झाल्यावर बंद करून परत, तसंच. माधवनगर रस्त्यानं चक्कर मारून आल्यावर सीलजवळ आणि ड्रेन बोल्टजवळ कोरडं.

मालकांना एक गोष्ट दाखवून दिली. लिव्हर आधी हलका दाबून गिअर भिडल्याचं पायाला कळू द्यायचं, मग किक मारायची. आणि इंजिन पूर्ण थांबल्याशिवाय परत किक मारायची नाही, फिरत्या आयडल गिअरवर थांबलेला गिअर आपटतो तेव्हाच कडा उडतात.

खर्च: किक गिअर 380, आयडल गिअर 650, क्लिपा दोन मिळून 140 (घट्ट निघालेली वापरलेली म्हणून परत घेतली नाही), सील 45, पॅकिंग 90, अ‍ॅलन बोल्ट 160, सर्क्लिप आणि वायसर 60, धुण्याचं आणि भरायचं मिळून ऑइल 700, पार्सल 120, तुटलेला स्क्रू काढायला 150. एकूण 2,495 रुपये, मजुरी सोडून. वेळ सगळ्यात जास्त गेला तो स्क्रूंवर आणि आयडल गिअरची वाट बघण्यात. सगळे भाग हाताशी असतील आणि स्क्रू नीट सुटले तर हे एका दिवसाचं काम आहे. कव्हर उघडण्याआधीच आयडल गिअरची चौकशी करून ठेवा.

4 जानेवारी: तपासणी

सुमारे 300 किलोमीटरनंतर ऑइल सोडलं. रंग स्वच्छ, दुधाळपणा नाही. मॅग्नेटवर बारीक राखाडी लेप, तुकडे नाहीत. किक तशीच लागते. आउटपुट बाजूच्या बेअरिंगचा खरबरीतपणा आहे तेवढाच आहे. क्रँकचं काम निघेपर्यंत दर 1,000 किलोमीटरला ऑइल बदलायचं आणि मॅग्नेट बघायचा, ते निघेल तेव्हा बेअरिंग त्यातच घ्यायचं, असं मालकांशी ठरलं.